गोळ्या मोजाव्यात का?

वाचकांचे प्रश्न : विज्ञानपट आणि थरारपटांवर लिहिताना

कौटुंबिक चित्रपट पाहून आलेल्या माणसाला बोलायला शब्द सापडतात. आई खरी वाटली की नाही, शेवट रडवणारा होता की नुसताच रडका, हे कुणीही सांगतं. वीस मिनिटांचा पाठलाग किंवा परग्रहावरची लढाई पाहून आलं की मात्र 'भारी होतं' आणि 'डोकं दुखलं' यांच्या पुढे गाडी सरकत नाही. या वेळी आलेल्या पत्रांत हीच अडचण पुन्हा पुन्हा दिसली, म्हणून हे सदर पूर्ण त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयाच्या मासिक पत्रिकेत मी 400 शब्दांचं परीक्षण लिहिते. कथा सांगण्यातच अडीचशे शब्द जातात आणि बाकीचं उरकावं लागतं. काय कापू?

कथाच कापा. ती सांगायला चित्रपट आहेच. तुमचा वाचक म्हणजे संध्याकाळी दोन तास मोकळे असलेला माणूस. त्याच्यासमोर चार चित्रपट आहेत आणि एक निवडायचा आहे. त्याला तुमच्याकडून वेगळंच काही हवं असतं. हा चित्रपट लक्ष देऊन पाहावा लागतो, की मध्ये फोन घेतला तरी धागा सुटत नाही? आधीचे भाग पाहिले नसतील तर काही कळेल का? (मालिकेतल्या चित्रपटांवर लिहिणारे नेमकं हेच सांगायला विसरतात.) रक्त किती आहे? बारा वर्षांचं मूल शेजारी बसलं असेल तर चालेल का? लांबी किती, आणि ती जाणवते का?

कथेला 70-80 शब्द पुष्कळ झाले. सीमा आखायला सोपी आहे: पहिल्या 20-25 मिनिटांत प्रेक्षकाला जे कळतं, तेवढंच लिहायचं. 'एका अवकाशस्थानकावर सहा जण आहेत, परत नेणारं यान एकच आणि त्यात जागा चौघांनाच.' या तेरा शब्दांत पेच आला, ताण आला आणि काहीही फुटलं नाही. पात्रांची नावं, त्यांची पदं, कंपनीचा इतिहास यांतलं काहीही लागत नाही. नावं तर नकोतच. ती चौथ्या ओळीपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

मत पहिल्याच परिच्छेदात द्या. रहस्य चित्रपटात असावं, परीक्षणात नको.

उरलेल्या जागेपैकी शंभर-दीडशे शब्द एकाच प्रसंगाला द्या. 'अभिनय चांगला, संगीत ठीक, छायालेखन उत्तम' ही हजेरी झाली. प्रत्येक खात्याला एकेक विशेषण वाटलं की कुणाच्याच वाट्याला काही येत नाही. चित्रपट ज्या खात्याने उचलून धरला किंवा पाडला, त्याच्यावर लिहा. बाकीच्यांचा उल्लेख राहिला तर राहू द्या.

प्रश्न : मी शेवट कधीच फोडत नाही. तरी एका मैत्रिणीची तक्रार आली की माझ्यामुळे मजा गेली. मी फक्त 'शेवटच्या दहा मिनिटांतला धक्का कुणालाही ओळखता येणार नाही' एवढंच लिहिलं होतं.

तेवढ्यानेच गेली. धक्का आहे हे कळल्यावर प्रेक्षक कथा पाहत नाही, धक्का शोधत बसतो. पहिल्या तासातच प्रत्येक गोड बोलणाऱ्या पात्रावर त्याचा संशय जातो आणि त्यातला एखादा संशय खरा ठरतोच.

आणखी तीन चोरवाटा आहेत. 'शेवटच्या लढतीत नायिकेची बहीण भाव खाऊन जाते' असं लिहिलं की बहीण शेवटपर्यंत जिवंत राहते हे कळलं, म्हणजे मधल्या दीड तासात तिच्यावर आलेल्या सगळ्या संकटांतली हवा गेली. दुसरी वाट नावांची: 'अमुक नामवंत नट अगदी छोट्या भूमिकेत आहे' हे वाचून सराईत प्रेक्षक गुन्हेगार कोण ते ओळखतो. तिसरी ट्रेलरची. ट्रेलरमध्ये दाखवलंय म्हणून लिहायला हरकत नाही, असं अनेकांना वाटतं. पण ट्रेलर जाणूनबुजून टाळणारे पुष्कळ असतात.

याउलट काही चित्रपटांबद्दल मोकळेपणाने लिहिता येतं. थरारपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांनी हा भेद टेबलाखालच्या बॉम्बवरून समजावला होता. दोन माणसं गप्पा मारत असताना अचानक स्फोट झाला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, वेळही सांगितली आणि मग त्याच गप्पा चालू ठेवल्या, तर तो पंधरा मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसतो. पहिला प्रकार धक्क्याचा, दुसरा ताणाचा. लिहायला बसण्याआधी आपला चित्रपट कुठल्या प्रकारचा हे ठरवा. ताणाच्या चित्रपटात बॉम्ब आहे हे सांगून काही बिघडत नाही. तो फुटतो की नाही, एवढं राखून ठेवायचं.

शेवटावर लिहिल्याशिवाय राहवतच नसेल तर वेगळा भाग करा, वर ठळक सूचना द्या आणि सूचनेनंतरच्या दोन ओळी निरुपद्रवी ठेवा. डोळा सूचनेवर थांबत नाही, घसरून पुढच्या ओळीवर जातो.

प्रश्न : मी भौतिकशास्त्र शिकवतो. विज्ञानपटावर लिहिताना चुकांची यादीच तयार होते. मित्र म्हणतात, तू मजा घालवतोस. चुका लिहाव्यात की नाही?

लिहाव्यात, पण आधी निवडून घ्याव्यात. सगळ्या चुका एका तोलाच्या नसतात.

काही गोष्टी या प्रकारात प्रेक्षकाने आणि दिग्दर्शकाने आपसांत मान्य केलेल्या आहेत. अवकाशात स्फोटाचा आवाज येतो, यानात सगळे जमिनीवर चालावं तसे चालतात, परग्रहवासी नायकाची भाषा बोलतात, लघुग्रहांच्या पट्ट्यातून यान दगड चुकवत नेलं जातं. खऱ्या पट्ट्यात मोठ्या दगडांमधलं अंतर सरासरी लाखो किलोमीटर असल्यामुळे चुकवायला दगडच भेटणार नाही. पण हे लिहिणं म्हणजे नाटक पाहताना भिंत कापडाची आहे असं ओरडण्यासारखं झालं. सोडून द्या. उलट एखाद्याने हा सर्वमान्य खोटेपणा टाळला तर तो नोंदवा. 1968 च्या '2001 : अ स्पेस ओडिसी'ने निर्वात पोकळीतली शांतता शांतच ठेवली. 2013 च्या 'ग्रॅव्हिटी'त स्फोटांचा आवाज न देता पात्राच्या पोशाखाला स्पर्शातून जाणवणारी कंपनं ऐकवली. त्याने भीती वाढली, आणि परीक्षणात लिहायची गोष्ट ती आहे.

त्यानंतर येतं चित्रपटाचं एक मोठं गृहीतक: काळयंत्र, स्मृतींचं रोपण, प्रकाशापेक्षा वेगवान यान. हे एक फुकट द्यायचं, त्यावर वाद घालायचा नाही. एकच मात्र. सव्वा तास झाल्यावर, सगळे अडकलेले असताना कुणीतरी खिशातून नवंच यंत्र काढलं आणि सुटका झाली, तर तिथे पेन उचला. जुना संकेत आहे: अशक्य गोष्टीने किंवा योगायोगाने पात्र संकटात सापडलं तर प्रेक्षक चालवून घेतो, संकटातून सुटलं तर फसवलं गेल्यासारखं वाटतं. 'द मार्शियन'च्या सुरुवातीचं वादळ याचं चांगलं उदाहरण आहे. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथलं वादळ यान कलंडवणार नाही. मूळ कादंबरीच्या लेखकालाही ते माहीत होतं. पण ते वादळ नायकाला अडकवतं, सोडवत नाही, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही.

तुमची खरी गरज आहे ती चित्रपट स्वतःचाच नियम मोडतो तिथे. मंगळावरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचायला, ग्रहांच्या अंतराप्रमाणे, 3 ते 22 मिनिटं लागतात. हे चित्रपटाने पाळलंच पाहिजे असं नाही. पण पहिल्या तासात 'उत्तर यायला अर्धा तास' म्हणून पात्रांना तडफडवलं आणि शेवटच्या झटापटीत तीच माणसं समोरासमोर बसल्यासारखी बोलू लागली, तर चूक भौतिकशास्त्राची राहत नाही, पटकथेची होते. प्राणवायू दोन तासांचा सांगितला आणि मधे दोन रात्री गेल्या, तेही तसंच. विज्ञानाचा गंध नसलेल्या प्रेक्षकालाही हे खुपतं. का खुपतंय हे त्याला सांगता येत नाही एवढंच. तुम्ही सांगा.

उरलेल्या, ज्यांनी कथा बिघडत नाही पण माणसं चुकीचं शिकतात अशा गोष्टी शेवटी तीन ओळींच्या चौकटीत टाका. तिथे मात्र स्वतः पक्के असा. 'पोशाख फाटला तरी तो क्षणात गोठला नाही, ही ढोबळ चूक' असं परीक्षणांतून वाचायला मिळतं. चूक परीक्षकाची आहे. निर्वात पोकळी उष्णता फार हळू नेते, थर्मासच्या दुहेरी भिंतीत तीच असते. माणूस गोठत नाही आणि फुगून फुटतही नाही. 10-15 सेकंदांत शुद्ध हरपते. 1966 मध्ये नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली, तेव्हा तो सुमारे 14 सेकंदांत बेशुद्ध झाला, आणि हवा परत भरल्यावर वाचला.

प्रश्न : थरारपटात गोळ्या मोजाव्यात का?

मोजा, पण लिहू नका. रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा 6 गोळ्या, आजच्या पिस्तुलात 15-17, रायफलच्या मॅगझिनमध्ये 30. मिनिटाला 600 गोळ्यांच्या वेगाने ते मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं होतं, म्हणजे पडद्यावर दहा सेकंद सलग चालणारा वर्षाव हा संकेताचाच भाग समजायचा. सायलेन्सरचंही तेच. त्याने आवाज 20 ते 35 डेसिबलने उतरतो. मुळात 150-160 डेसिबलचा बार असतो, त्यामुळे 'फुस्स' होणं शक्य नाही. हे सगळं लिहिण्याजोगं केव्हा होतं? पात्र म्हणतं, 'शेवटची एकच गोळी उरलीय', आणि मग चार झाडतं, तेव्हा. त्या क्षणी चित्रपटाने स्वतः मोजायला सुरुवात केलेली असते.

प्रश्न : 'मारधाडीची दृश्यं जबरदस्त' याच्या जागी दुसरं काय लिहिता येईल? हाणामारी चांगली की वाईट हे कळतं, का ते सांगता येत नाही.

हा या अंकातला सगळ्यांत कामाचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सावकाश.

कोणतीही हाणामारी किंवा पाठलाग संपला की स्वतःला तीन गोष्टी विचारा. कोण कुठे होतं? कुणाला काय हवं होतं? आणि हे संपल्यावर काय बदललं? पहिल्याचं उत्तर येत नसेल तर दोष बहुधा चित्रण-संकलनाचा. दुसऱ्याचं येत नसेल तर पटकथेचा. तिसऱ्याचं उत्तर 'काहीच नाही' असेल, तर तो प्रसंग कितीही महाग असो, कापला तरी चाललं असतं, आणि हे वाक्य परीक्षणात जसंच्या तसं चालतं.

कोण कुठे हे कळणं दिसतं तितकं आपोआप होत नाही. आधी संपूर्ण जागा दाखवणारा एखादा दूरचा शॉट लागतो: दार इकडे, जिना तिकडे, मधे काचेचं टेबल. मग दोन भिडूंमध्ये एक काल्पनिक रेषा धरतात आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. म्हणजे डावीकडचा प्रत्येक कटनंतर डावीकडेच राहतो. रेषा ओलांडली की डावीकडून धावणारी गाडी अचानक उजवीकडून येते आणि प्रेक्षकाला क्षणभर वाटतं ती परत फिरली. असे चार-पाच क्षण साठले की तो समजून घ्यायचा नाद सोडतो, नुसता गोंगाट सहन करतो. 'डोकं दुखलं' म्हणतात ते हेच.

सगळा दोष झटपट कटांवर ढकलायची रीत आहे, ती अर्धवट आहे. 2015 च्या 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'मध्ये दोन तासांत सुमारे 2700 कट आहेत, म्हणजे सरासरी शॉट पावणेतीन सेकंदांच्या आतला. तरी त्यात कुणी हरवत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मध्याजवळ ठेवलेली आहे. डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही, तो जिथे होता तिथेच पुढची घटना घडते. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. तेव्हा 'कट फार' एवढं लिहून थांबू नका; कट झाल्यावर डोळ्याला नवी जागा शोधावी लागते का, ते पाहा.

हे तपासायच्या दोन युक्त्या. एक मिनिटाची मारामारी लावा आणि प्रत्येक कटला बोटाने टेबलावर टिचकी मारा. 20 टिचक्या झाल्या तर सरासरी शॉट तीन सेकंदांचा, 40 झाल्या तर दीड सेकंदाचा. मग तोच तुकडा आवाज बंद करून पाहा. कोण जिंकतंय हे कळलं तर दृश्य नीट रचलेलं आहे. नाही कळलं, तर इतका वेळ आवाज आणि संगीत तुम्हाला 'आता भारी वाटून घ्या' असं सांगत होते.

ठोसा नेमका कुठे कापलाय तेही बघा. हात मागे जातो, कट, समोरचा खाली पडलेला: म्हणजे नटाला किंवा कॅमेऱ्याला काहीतरी लपवायचं होतं. पूर्ण फटका एकाच शॉटमध्ये, डोक्यापासून पायापर्यंत शरीरं दिसत असताना लागला, तर त्यामागे बरीच तालीम असते. तिची दखल घ्या. आणि परिणाम? नायक तिसऱ्या मजल्यावरून पडून लगेच पळत असेल तर पुढच्या प्रत्येक मारामारीची भीती संपते. लंगडणारा, दमलेला, चुकून खुर्चीला अडखळणारा नायक ताण टिकवून ठेवतो.

संगणकीय दृश्यांबद्दल 'व्हीएफएक्स कमकुवत' म्हणण्याऐवजी कुठे कमकुवत ते शोधा. बहुतेक वेळा वजन चुकलेलं असतं: वीस टनांचा प्राणी जमिनीवर पाय ठेवतो आणि धूळ उडत नाही, पावलाखाली सावली गडद होत नाही, वळताना तो अंग सावरत नाही. चेहरा शांत असताना पटतो, बोलू लागला की ओठ आणि गाल वेगळे पडतात. रात्र, पाऊस, धूर यांत या उणिवा लपतात; अख्खी शेवटची लढाई अंधारात असेल तर कारण नेहमी कलात्मक असतंच असं नाही.

प्रश्न : माझा एक परिच्छेद सुधारून द्याल का? 'दिग्दर्शकाने पहिल्या फ्रेमपासून प्रेक्षकांना खिळवून ठेवलं आहे. मारधाडीची दृश्यं अप्रतिम असून व्हीएफएक्स जागतिक दर्जाचे आहेत. मात्र उत्तरार्धात चित्रपट काहीसा रेंगाळतो. एकदा पाहायला हरकत नाही.' पाहतानाची माझी टिपणं सोबत जोडली आहेत.

हा परिच्छेद कुठल्याही चित्रपटाखाली चिकटवता येईल, हीच त्याची अडचण. टिपणांत मात्र ऐवज आहे: 'बोगदा. एकच दिवा. सावल्या.' 'रोबो उभा ठीक, पळताना हलका.' '1.10 नंतर 25 मि. नुसती योजना.' तेच वापरून:

'बोगद्यातली मारामारी एकाच हलत्या दिव्याच्या उजेडात होते. कोण कुणाला मारतंय हे भिंतीवरच्या सावल्यांवरूनच कळतं, आणि तरीही एकदाही गोंधळ होत नाही. यंत्रमानव उभा असतो तोवर लोखंडी वाटतो. धावू लागला की त्याचं वजन हरवतं. एक तास दहा मिनिटांनी सगळे एका खोलीत जमून पंचवीस मिनिटं योजना समजावतात. उठायचं असेल तर तेव्हा उठा.'

शब्द तुमच्या परिच्छेदापेक्षा जास्त झाले, पण एकही विशेषण उसनं नाही.

प्रश्न : कालप्रवासाच्या चित्रपटाचं गणित मलाच नीट कळत नाही. वाचकाला काय सांगू?

गणित सांगूच नका. स्वतःपुरतं एवढं ठरवा की चित्रपट तीन पद्धतींपैकी कुठली वापरतो: भूतकाळ बदलता येत नाही आणि प्रवासीच त्या घटनांचं कारण ठरतो, भूतकाळ बदलला की वर्तमान बदलतो, किंवा बदलाबरोबर वेगळी शाखा फुटते आणि जुनी तशीच राहते. चित्रपट मधेच एका पद्धतीतून दुसरीत उडी मारतो का, तेवढं तपासा. पद्धतीचं नाव मात्र परीक्षणात घेऊ नका. पहिल्या प्रकारात नाव घेणं म्हणजे शेवट सांगणं.

वाचकाला उपयोगी माहिती वेगळी आहे: किती लक्ष लागेल. 'पाच मिनिटं चुकली तर मागे जाऊन पाहावं लागेल' हे वाक्य आकृतीपेक्षा जास्त काम करतं. लांबीवरून याचा अंदाज येत नाही. 2004 चा 'प्रायमर' जेमतेम 77 मिनिटांचा आहे, आणि चाहते आजही कागदावर रेघा ओढून तो सोडवतात.

प्रश्न : माझे तारे नेहमी साडेतीनवरच थांबतात. आणि संकेतस्थळांवरच्या टक्केवारीशी ते जुळत नाहीत.

टक्केवारीचं आधी. रॉटन टोमॅटोजवरचे 90 टक्के म्हणजे 100 पैकी 90 गुण नव्हेत. दहांतल्या नऊ परीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना 'बरा' वाटलेला चित्रपट तिथे शंभरावर जाऊ शकतो, आणि निम्म्यांनी डोक्यावर घेतलेला, निम्म्यांनी आपटलेला पन्नासवर राहतो. 60 टक्क्यांपासून पुढे तिथे 'फ्रेश' म्हणतात. मेटाक्रिटिक मात्र परीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी काढतं, म्हणजे काहींच्या मताला जास्त वजन देतं. त्यामुळे दोन्हींवर एकाच चित्रपटाचे आकडे दूर असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात.

तुमच्या साडेतीनचं कारण बहुधा असं की तुम्ही विनोदी, विज्ञान, युद्ध सगळ्यांना एकाच पट्टीवर मोजता. मारधाडीचा हलका चित्रपट त्याच्या जातीतल्या चांगल्या चित्रपटाशी ताडून पाहा. दोन, तीन, चार आणि पाच ताऱ्यांना तुमच्या दृष्टीने प्रत्येकी एक चित्रपट ठरवून कागदावर लिहून ठेवा. नवा आला की विचारायचं, हा त्या तिनाच्या वर की खाली? अर्धा तारा काही महिने बंद करून बघा. तो भित्र्यांचा आधार आहे.

प्रश्न : घरी पाहिला तर संवाद ऐकू येत नव्हते आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसत होतं. हे परीक्षणात लिहू का?

आधी टीव्ही तपासा. गुळगुळीतपणा बहुतेक वेळा टीव्हीतल्या 'मोशन स्मूदिंग'चा असतो. दर कंपनी त्याला वेगळं नाव देते. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांवर घेतलेला असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो. चित्र-पर्यायांत 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' हा प्रकार निवडला की ते बरेचदा बंद होतं.

आवाजाचं थोडं तिरकं आहे. चित्रपटाचा आवाज अनेक स्पीकरांसाठी वेगवेगळ्या वाहिन्यांत वाटलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. ते टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबलं की स्फोट वर येतात, माणसं खाली जातात. आवाजाच्या पर्यायांत 5.1 (सहा वाहिन्यांचा आवाज) निवडलेलं असेल आणि घरात तेवढे स्पीकर नसतील तर स्टिरिओ करा. मग हेडफोन लावून तेच दृश्य ऐका. तरीही बोलणं कळत नसेल तर दोष चित्रपटाचा, खुशाल लिहा. एरवी 'घरी पाहताना उपशीर्षकं लावून ठेवा' हा सल्ला पुरे.

प्रश्न : हिंसेबद्दल किती सावध करावं?

'हिंसा आहे' याने काही कळत नाही, थरारपटात ती असणारच. प्रकार सांगा: गोळीबार पण रक्त नाही, हाडं मोडल्याचे आवाज, छळाचं एक लांब दृश्य, प्राण्याला इजा, मुलाला धोका. कुणाला काय सहन होत नाही ते तोच ठरवेल.

दोन इशारे मात्र कधी विसरू नका. लखलखणारे दिवे: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करणारा प्रकाश, प्रकाशाने फेफरं येणाऱ्यांना धोक्याचा असतो. 2018 मध्ये 'इन्क्रेडिबल्स 2'च्या वेळी चित्रपटगृहांत यासाठी सूचना लावाव्या लागल्या होत्या. शक्य तर किती मिनिटांनी आणि साधारण किती वेळ हे लिहा. दुसरा इशारा सतत हलणाऱ्या कॅमेऱ्याचा. प्रवासात मळमळणाऱ्यांना मोठ्या पडद्यासमोर पुढच्या रांगेत त्रास होतो. मागची रांग सुचवा.

प्रश्न : एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या असतील तर?

कुठली पाहिली ते लांबीसकट लिहा. 'ब्लेड रनर' 1982 मध्ये निवेदन आणि सुखद शेवटासह आला. 1992 च्या आवृत्तीत दोन्ही काढले, आणि 2007 मध्ये दिग्दर्शकाने शेवटचा हात फिरवला. पहिली पाहून लिहिलेलं तिसरीला लागू होत नाही.

प्रश्न : अंधारात टिपणं कशी घ्यावीत? फोनचा उजेड चालत नाही आणि वहीत एकावर एक ओळी येतात.

छोटी वही, जाड मऊ पेन्सिल, एका पानावर एकच टिपण. डाव्या हाताचा अंगठा कडेला ठेवून त्याच्या उंचीवर लिहा आणि लगेच पान उलटा. दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त लिहू नका. वाक्य लिहीपर्यंत पुढचा शॉट जातो. दिग्दर्शकाचा हेतू वगैरे तिथे लिहू नका, फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं: 'लाल दार दोनदा', 'पाठलाग, संगीत नाही'. मनगटावरच्या घड्याळात पहिल्यांदा पाहावंसं वाटलं ती वेळ आठवणीने टिपा, चित्रपट कुठे सैल पडला ते तीच सांगते. बाहेर आल्यावर तासाभरात टिपणं उलगडून लिहा. दुसऱ्या दिवशी 'लाल दार' म्हणजे काय ते आठवत नाही.